जुनं क्रेडिट कार्ड बदलताय? थांबा, सिबिलची पुण्याई सांभाळून बदला

परवा मावसभावाचा फोन आला, म्हणे दादा ते जुनं कार्ड बंद करून टाकतोय, दरवर्षी नुसती फी खातंय, त्याच्याऐवजी विमानतळावरच्या लाउंजवालं घेतो. मी म्हटलं अरे थांब जरा, रिक्वेस्ट टाकलीस का? नाही म्हणाला, उद्या टाकणार होतो. बरं झालं. मग तासभर त्याला फोनवर जे काय सांगितलं तेच इथे नीट लिहून ठेवतो, कारण ऑफिसात पण दोन-तीन जणांनी हेच विचारलंय आणि प्रत्येक वेळी तोंडाची वाफ घालवायचा कंटाळा येतो.

त्याचं कार्ड २०१३ चं. पहिल्या नोकरीत सॅलरी अकाउंटबरोबर बँकेने गळ्यात मारलेलं. लिमिट ६० हजार, वर्षाची फी ५०० अधिक जीएसटी म्हणजे ५९०, आणि त्याच्यावर मिळतं काय तर जवळपास काहीच नाही. दुसरं कार्ड २०२१ चं, लिमिट १ लाख ४० हजार, रोजचं सगळं त्याच्यावर. आता कोणालाही वाटणार की पहिलं फेकून द्यावं. पण त्याच्या सिबिलमधलं, म्हणजे कर्ज आणि कार्डाचे पैसे कसे फेडले ह्याच्या नोंदीमधलं, सगळ्यात जुनं खातं तेच आहे ना.

पहिली गोष्ट डोक्यात फिट करा. हिस्टरी त्या प्लास्टिकमध्ये नसते, खात्यात असते. कार्ड एक्सपायर झालं आणि नवीन आलं, हरवलं म्हणून नंबर बदलला, चिप खराब झाली, डिझाइन बदललं, ह्याने हिस्टरीला काही होत नाही कारण मागचं खातं तेच चालू असतं. जे बघायचं ते म्हणजे सिबिल रिपोर्टमध्ये त्या खात्यापुढे खातं उघडल्याची जी तारीख लिहिलेली असते ती. कार्डावर छापलेलं 'मेंबर सिन्स' बघून खूश होऊ नका, ते बँकेचं कौतुक आहे, रिपोर्टमधली तारीख वेगळी असू शकते.

दुसरी गोष्ट, कार्ड बंद केलं की सगळी हिस्टरी त्याच दिवशी पुसली जाते असं बरेच जण घाबरून सांगतात, तसं होत नाही. बंद झालेलं खातं 'क्लोज्ड' म्हणून रिपोर्टमध्ये पुढे कित्येक वर्षं दिसत राहतं, तुम्ही वेळेवर पैसे भरले असतील तर ते पण दिसतं. स्कोअर, म्हणजे ह्या नोंदींवरून तुमच्या कर्जफेडीच्या भरवशाचा काढलेला आकडा, त्याचं गणित रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्या उघड सांगत नाहीत त्यामुळे बंद खात्याचं वय नक्की किती धरतात ह्यावर इंटरनेटवर जी भांडणं चालतात त्यात पडू नका. पण जे लगेच लागतं ते वेगळंच असतं, लिमिट कमी होणं. हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

भावाचंच गणित बघा. दोन्ही कार्डं मिळून लिमिट २ लाख. महिन्याला खर्च साधारण ५० हजार, म्हणजे २५ टक्के वापर. जुनं बंद केलं की लिमिट उरलं १ लाख ४० हजार, खर्च तेवढाच, वापर झाला जवळपास ३६ टक्के. साधारण ३० च्या आत ठेवा असं सगळे सांगतात, तो काही कायदा नाही पण अंदाज म्हणून चांगला आहे. आणि समजा त्याने उलटं केलं असतं, मोठं बंद करून छोटं ठेवलं असतं तर ६० हजारात ५० हजार, ८३ टक्के! म्हणजे पगार तोच, खर्च तोच, एक रुपया थकवलेला नाही, तरी रिपोर्टमध्ये माणूस गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला दिसणार.

तर कामाला सुरुवात कुठून करायची? आधी रिपोर्ट काढा. आपल्याकडे चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, आपण सगळ्यांनाच 'सिबिल' म्हणतो, जसं सगळ्या वनस्पती तुपाला डालडा. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो कंपनीच्या स्वतःच्या साइटवर काढा, उगाच कुठल्या लोन अ‍ॅपला पॅन नंबर देऊन पुढचे सहा महिने 'सर पर्सनल लोन चाहिए क्या' ऐकत बसू नका. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती अजून कितीतरी जणांच्या मनात आहे. कमी होतो तो तुम्ही कर्जाचा किंवा कार्डाचा अर्ज करता आणि बँक चौकशी करते तेव्हा, आणि तोही एका चौकशीने थोडासाच, पण महिन्यात पाच ठिकाणी अर्ज टाकले की बँकेला वाटतं ह्या माणसाला पैशाची मरणाची घाई आहे.

रिपोर्टमध्ये कार्डाच्या खात्यापुढे काय काय बघायचं, तर उघडल्याची तारीख, लिमिट, बाकी, थकीत रक्कम, खात्याची स्थिती आणि खाली महिन्यांचे चौकोन. ह्या चौकोनात ००० असेल तर वेळेवर भरलंय, ०३० किंवा असा काही आकडा असेल तर तेवढे दिवस उशीर. साधारण मागच्या ३६ महिन्यांचं दिसतं. ह्याची पीडीएफ सेव्ह करून ठेवा, आजची तारीख टाकून. नंतर काही बिघडलं तर आधी कसं होतं हे दाखवायला हीच कामाला येते.

आता मुख्य मार्ग, म्हणजे कार्ड बंद न करता त्याच बँकेत बदलून घेणं. कोणी ह्याला अपग्रेड म्हणतं, कोणी कन्व्हर्जन, कोणी प्रॉडक्ट चेंज. बँकेकडे दहा-बारा प्रकारची कार्डं असतातच, तुमचं खातं तेच ठेवून त्याच्यावरचं कार्ड वेगळ्या प्रकारचं करून देतात. बरेचदा अ‍ॅपमध्येच ऑफर पडलेली असते, आपण बघत नाही एवढंच. नसेल तर कस्टमर केअरला फोन करा किंवा मेल टाका. मी म्हणेन मेलच टाका, लेखी राहतं.

फोनवर गेलात तर संभाषण साधारण असं होतं. तुम्ही सांगता की फी परवडत नाही, काही फायदा नाही, बंद करायचंय. ती बाई म्हणते सर एक मिनिट होल्ड करा, मग कॉल जातो थांबवून ठेवणाऱ्या टीमकडे, त्यांचं कामच मुळी गिऱ्हाईक जाऊ न देणं. मग ते म्हणतात सर ह्या वर्षीची फी माफ करतो. इथे लगेच हो म्हणू नका. म्हणायचं, पुढच्या वर्षी परत हेच करायचं का, मला लाइफटाइम फ्री कार्डात बदलून द्या नाहीतर अमुक कार्डात अपग्रेड करा. कधी मिळतं कधी नाही. तुमचा खर्च, पगार, जुनं रेकॉर्ड बघून ठरवतात. नाही म्हणाले तर दोन-तीन महिन्यांनी परत विचारा, लाज कसली त्यात.

पण हो म्हणायच्या आधी तीन प्रश्न लेखी विचारा. एक, हा नवीन अर्ज म्हणून जाणार की आहे त्या खात्यातला बदल म्हणून? दोन, सिबिलमध्ये नवीन चौकशी पडणार का? तीन, रिपोर्टमध्ये खातं उघडल्याची जुनी तारीख तशीच राहणार की जुनं खातं बंद करून नवीन दाखवणार? हा तिसरा प्रश्न विचारला की पलीकडचा माणूस बऱ्याचदा गोंधळतो, 'सर हिस्टरी काही जात नाही' असं मोघम सांगतो. तुम्ही मेलवर उत्तर द्या म्हणा. कारण अपग्रेड हा शब्द सगळीकडे एक असला तरी आतमध्ये काम वेगवेगळं होतं, कुठे खातं तेच राहून फक्त कार्ड नंबर बदलतो, कुठे जुनं बंद होऊन नवीन उघडतं. दुसरा प्रकार असेल तर तुम्ही ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच गेलं, मग निदान माहीत असून तरी करा.

आणि एक, तुमच्या स्पष्ट परवानगीशिवाय बँकेने कार्ड अपग्रेड करायचं नाही असा रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आणलेला नियम आहे. न विचारता केलं आणि बिल लावलं तर ते बिल मागे घ्यायचं आणि वर त्याच्या दुप्पट दंड तुम्हाला द्यायचा. त्यामुळे एखाद्या दिवशी 'अभिनंदन, तुमचं कार्ड आता प्लॅटिनम झालं, फी फक्त अमुक' असा मेसेज आला तर गुमान भरू नका.

नुसतं नेटवर्क बदलायचं असेल, म्हणजे व्हिसाचं रुपे करून हवंय कारण भाजीवाल्याकडे यूपीआयने स्कॅन करायचंय, तर ते रिन्यूअलच्या वेळी मागून बघा. ६ सप्टेंबर २०२४ पासून बहुतेक मोठ्या कार्डवाल्या बँकांनी ग्राहकाला नेटवर्क निवडायचा पर्याय द्यायचा आहे, जुन्या ग्राहकांना रिन्यूअलच्या वेळी. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण दुकानदाराला पैसे द्यायला, मित्राला पाठवायला नाही चालत.

मधे सिटीबँकेची कार्डं अ‍ॅक्सिस बँकेकडे गेली तेव्हा तर लोकांनी काही न करताच कार्ड बदललं, व्यवहार मार्च २०२३ मध्ये झाला आणि प्रत्यक्ष बदल जुलै २०२४ मध्ये. असं कुठल्याही बँकेत झालं की दोन महिन्यांनी एकदा रिपोर्ट काढून बघायचाच, जुनी तारीख आहे ना, एकच खातं दोनदा चालू दिसत नाही ना. दोनदा दिसलं तर बाकी पण दुप्पट दिसू शकते.

आता समजा त्याच बँकेत तुम्हाला हवं ते कार्डच नाही आणि दुसऱ्या बँकेचं घ्यायचंय. तर क्रम उलटा करू नका. आधी नवीन घ्या, हातात येऊ दे, अ‍ॅक्टिवेट होऊ दे, लिमिट किती मिळालं ते बघा, मग जुन्याचा विचार. लोक काय करतात, जोशात जुनं बंद करतात आणि नवीन बँक अर्ज नाकारते, मग दोन्हीकडून गेलं. ज्याच्याकडे आयुष्यात एकच कार्ड आहे त्याने तर हे अजिबात करू नये. नवीन मिळतच नसेल तर एफडी ठेवून त्याच्यावर कार्ड घ्या, १५-२० हजारांच्या एफडीवर पण काही बँका देतात, ते रिपोर्टमध्ये नेहमीच्या कार्डासारखंच चालतं. नवीन आल्यावर जुनं निदान सहा महिने-वर्षभर ठेवा, तोवर नवीन खात्याचे पण चार ०००चे चौकोन तयार होतात.

जुनं ठेवायचं म्हणजे कपाटात टाकून विसरायचं नाही हां. वर्षभराच्या वर कार्ड वापरलंच नाही तर बँक तुम्हाला कळवून ते बंद करायची प्रक्रिया सुरू करू शकते, ३० दिवसांत तुम्ही उत्तर दिलं नाही आणि बाकी काही नसेल तर खातं बंद. आणि हे कळवणार कुठे? तुमच्या त्या जुन्या याहूच्या मेल आयडीवर, जो तुम्ही २०१३ मध्ये फॉर्मवर लिहिला होता. म्हणून आधी मोबाइल, मेल, पत्ता अपडेट करा. मग त्या कार्डावर एक छोटं काहीतरी लावून द्या, मोबाइलचं रिचार्ज, एखादं ओटीटी, महिन्याला शे-दोनशे रुपये. आणि कार्डाचं बिल सेव्हिंग खात्यातून ऑटो पेवर टाका, टाकताना 'टोटल ड्यू' म्हणजे पूर्ण बिल निवडा, 'मिनिमम ड्यू' म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम नाही. ह्या एका टिकमार्कने लोकांचे हजारो रुपये व्याजात गेलेत, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे, सावकार पण लाजेल.

बरं, सगळी जुनी कार्डं मरेपर्यंत सांभाळायची का? माझं मत, नाही. फी माफ होत नाही, फुकट प्रकारात बदलून पण देत नाहीत, आणि तुमच्याकडे सात-आठ वर्षं जुनं दुसरं कार्ड किंवा होमलोन व्यवस्थित चालू आहे, तर ५९० रुपये दरवर्षी देवाला नारळ फोडल्यासारखे देत बसण्यात अर्थ नाही, बंद करा. फक्त पुढच्या सहा-आठ महिन्यांत घराचं किंवा गाडीचं कर्ज काढायचं असेल तर आता कशालाच हात लावू नका. बऱ्याच बँका होमलोनचा व्याजदर स्कोअर बघून ठरवतात, २० वर्षांच्या कर्जात पाव टक्का म्हणजे काय रक्कम होते ती काढून बघा, त्याच्यापुढे ५९० किस झाड की पत्ती.

आता माझी गंमत सांगतो, तेव्हा गंमत वाटली नव्हती. २०१८ ला माझं एक कार्ड होतं, बँकेचं नाव जाऊ दे. फी लागली ९९९, वर जीएसटी १८० रुपये. मी फोन करून भांडलो, फी रिव्हर्स झाली, मी खूश, म्हटलं आता बंदच करा. 'हो सर, रिक्वेस्ट घेतली.' मी अ‍ॅप उडवलं, कार्ड कापलं, विसरलो. झालं असं की फी मागे आली पण तिच्यावरचा जीएसटी मागे आलाच नाही. ते १८० रुपये बाकी, बाकी आहे म्हणून कार्ड बंद नाही, मग लेट फी १००, तिच्यावर जीएसटी, व्याज, परत लेट फी. तीन महिन्यांत साडेपाचशेच्या वर गेलं. मला कळलं कधी, तर पुढच्या वर्षी होमलोनच्या वेळी बँकेतल्या साहेबांनी रिपोर्ट माझ्याकडे फिरवला आणि बोट ठेवून विचारलं हे काय आहे. आयुष्यभर एक हप्ता चुकवला नाही आणि तिथे ठळक ०६० चा चौकोन. १८० रुपयांसाठी! ते निस्तरायला अडीच महिने, तीन मेल, एक लेखी खुलासा आणि बिल्डरची दोनदा बोलणी. तेव्हापासून मी कार्ड बंद करताना जे करतो ते सांगतो, थोडं जास्तच वाटेल पण करा.

बंद करायचं ठरलं की त्या दिवसापासून कार्ड वापरणं थांबवा आणि एक पूर्ण स्टेटमेंट जाऊ द्या. त्या काळात त्याच्यावर काय काय लटकलंय ते शोधा. मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंटं उघडून बघितली की कळतं, वीजबिल, विम्याचा हप्ता, फास्टॅगचं रिचार्ज, गुगल किंवा अ‍ॅपलचं काहीतरी, मुलांच्या क्लासचं सबस्क्रिप्शन. वर्षाला एकदाच जाणारे असतात ते जास्त फसवतात, म्हणून बारा महिने म्हटलं. हे सगळं नव्या कार्डावर नव्याने लावावं लागतं, आपोआप जात नाही. शॉपिंगच्या साइटवर सेव्ह केलेलं कार्ड पण खरं कार्ड नसतं, त्याचं टोकन असतं, म्हणजे कार्ड नंबराऐवजी वापरायचा बदली कोड, नवीन कार्डाचं टोकन नव्याने बनवावं लागणार. अपग्रेडमध्ये नंबर बदलला तर तिथेही हेच. विम्याचा हप्ता चुकला तर कार्डापेक्षा मोठं नुकसान, तो आधी हलवा.

कार्डावर ईएमआय चालू असेल तर तो आधी फेडावा लागतो, मुदतीआधी बंद केल्याचा चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. कधीकधी दोनच हप्ते उरलेले असतात, मग थांबलेलं बरं. रिवॉर्ड पॉइंट आधीच वापरून टाका, खातं बंद झाल्यावर मागायला गेलात तर मिळत नाहीत, ह्यावर भांडून उपयोग नसतो. कुठून रिफंड यायचा असेल, रद्द केलेलं तिकीट, परत केलेले बूट, तर तो येऊन जाऊ द्या. बायकोच्या किंवा आईच्या नावाने अ‍ॅड-ऑन कार्ड असेल तर ते पण ह्याच्याबरोबर बंद होणार, त्यांना सांगून ठेवा, नाहीतर डीमार्टच्या बिलिंगला रांगेत उभं राहून फोन येतो, मग तुमचं काही खरं नाही.

मग बिल भरा. आणि नुसतं स्टेटमेंटचं नाही, 'अनबिल्ड' पण बघा, म्हणजे अजून बिलात न आलेलं. कस्टमर केअरला सरळ विचारा, आजच्या तारखेला कार्ड पूर्ण शून्य करायला किती भरायचे, रुपये-पैशांसकट आकडा सांगा. फी रिव्हर्स झाली असेल तर तिचा जीएसटी रिव्हर्स झाला का हे वेगळं विचारा, माझी आठवण काढून विचारा. चुकून जास्त भरले गेले तर घाबरू नका, जास्तीचे पैसे तुमच्या बँक खात्यात परत द्यावे लागतात.

एकाच बँकेची दोन कार्डं असतील आणि एक बंद करताय तर बंद करायच्या आधी त्याचं लिमिट दुसऱ्यावर वळवून मागा. काही ठिकाणी दोन्हींचं लिमिट एकच असतं तेव्हा हा प्रश्न येत नाही, पण जिथे वेगळं असतं तिथे बरेचदा देतात, फक्त मागावं लागतं. वर सांगितलेलं २५ चं ३६ टक्के होणारं प्रकरण इथेच मिटतं.

आता रिक्वेस्ट. अ‍ॅपमधून, नेट बँकिंगमधून, मेलवरून, हेल्पलाइनवर, कुठूनही टाकता येते, पोस्टानेच अर्ज पाठवा असा हट्ट बँकेला धरता येत नाही. रिक्वेस्ट नंबर घ्या, स्क्रीनशॉट काढा. बाकी काही नसेल तर सात कामाच्या दिवसांत बंद करायचं आहे, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. हे वाक्य मेलमध्ये नम्रपणे लिहिलं की काम कसं पटपट होतं बघा. तरी ऐकत नसतील तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या, ३० दिवस वाट बघा, उत्तर नाही किंवा पटणारं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तिच्या सीएमएस ह्या तक्रारींच्या साइटवर तक्रार टाका, ती फुकट असते, वकील लागत नाही. मधल्या काळात फोन येतील, सर प्लीज ठेवा ना, व्हाउचर देतो. चांगलं काही देत असतील तर ऐका बापडं, पण ठरलं असेल तर ठामपणे नाही म्हणा.

बंद झाल्याचा मेसेज आला की थांबायचं नाही, 'नो ड्यूज'चं, म्हणजे काही बाकी नसल्याचं, पत्र मेलवर मागवा. पीडीएफ मेलमध्ये, ड्राइव्हवर आणि एक प्रिंट घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये, रेशनकार्डाशेजारी. कार्ड कापताना चिपवरून आडवं कापा, नंबर आणि सीव्हीव्हीचे पण तुकडे करा, नुसते दोन भाग करून कचऱ्यात टाकू नका. रुपे असेल आणि यूपीआयला जोडलेलं असेल तर तिथून काढा.

एक मात्र लक्षात ठेवा, खूप जुनी थकबाकी असलेलं कार्ड असेल आणि वसुलीवाला म्हणाला की निम्मे भरा, सेटल करून टाकू, तर तो 'सेटल्ड' शब्द रिपोर्टमध्ये तसाच बसतो. 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' मराठीत दोन्ही 'मिटलं'च, पण बँकेच्या डोळ्यात सेटल्ड म्हणजे ह्याने पूर्ण पैसे दिले नाहीत. जमत असेल तर चार हप्ते मागा पण पूर्ण भरून क्लोज्ड करा, आणि आधीच सेटल्ड पडलेलं असेल तर उरलेली रक्कम भरून बँकेला स्थिती बदलायला सांगता येतं.

शेवटचं काम, जे नव्वद टक्के लोक करत नाहीत, आणि हा आकडा मी हवेतून काढलाय पण अनुभवाने सांगतो. दीड-दोन महिन्यांनी परत रिपोर्ट काढा, चारही कंपन्यांचे. बंद झाल्याचं बँकेने ३० दिवसांत त्यांना कळवायचं असतं आणि २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे तोवर आलेलं असतं. स्थिती बंद, बाकी शून्य, बंद झाल्याची तारीख बरोबर, आधीची पीडीएफ शेजारी ठेवून उघडल्याची तारीख पण जुळवा. अपग्रेड केलं असेल तर तेच, तारीख जुनीच आहे ना. चूक दिसली तर त्याच कंपनीच्या साइटवर तक्रार टाकता येते, पैसे लागत नाहीत, आणि बँकेला पण मेल करा कारण दुरुस्ती शेवटी तिच्याकडूनच येते. ३० दिवसांत सुटलं नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. स्कोअर पाच-दहा अंकांनी खाली आलेला दिसला तर छाती धडधडू देऊ नका, दोन-चार महिने वेळेवर भरलं की बहुतेक वेळा परत येतो.

तर भावाचं काय झालं, त्याने दुसऱ्या दिवशी मेल टाकला, ते तीन प्रश्न जसेच्या तसे, आठवड्याने उत्तर आलं की खातं तेच राहील, नवीन चौकशी नाही, आणि त्याच्या खर्चावर त्यांनी बिनफीचं रुपे कार्ड देऊ केलं. लाउंज नाही मिळाला. मग म्हणाला दादा तसंही मी वर्षातून एकदा विमानात बसतो, तिथली इडली काय एवढी चांगली नसते.